नोकरी, काम आणि भाडं

चंद्रपूर, वणी, उमरेड या पट्ट्यात लग्नाच्या मुलाचा बायोडाटा हातात आला की घरातली मोठी माणसं आधी एक ओळ शोधतात. तिथे 'वेकोलि, कायम' एवढं लिहिलेलं असलं की पुढची बोलणी निराळ्या सुरात होतात. वेकोलि म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड, नागपूरला मुख्यालय असलेली कोल इंडियाची उपकंपनी. क्वार्टर, दवाखाना, भविष्य निर्वाह निधी, बोनस, निवृत्तीनंतर हाती येणारी रक्कम, सगळं त्या दोन शब्दांत येतं. सौर प्रकल्पावर जाणाऱ्या मुलाच्या बायोडाट्यात काय लिहितात? बहुधा 'खाजगी नोकरी'. मग मुलीचे वडील हमखास विचारतात, "कंपनीच्या रोलवर आहे की ठेकेदाराकडे?"

स्वच्छ ऊर्जेमुळे रोजगार आणि अर्थव्यवस्था यांचं काय होईल, याबद्दल लोकांना काय वाटतं, हा या संग्रहाचा विषय. लोकमत मोजण्याची शास्त्रशुद्ध साधनं आहेत आणि त्यांचा उल्लेख पुढे येईलच. पण मुलीच्या वडिलांचा तो प्रश्न मला कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा नेमका वाटतो. वीज कोळशाची की उन्हाची, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. वीज तयार करणाऱ्या माणसाची उद्याची भाकरी किती पक्की, एवढंच त्यांना हवं आहे.

सरकारी कागदात 'रोजगारनिर्मिती' हा एकच शब्द असतो. गावात त्याचे तीन वेगळे शब्द आहेत. नोकरी म्हणजे महिन्याच्या महिन्याला येणारा पगार आणि आजारपणातही न तुटणारं नातं. काम म्हणजे आज आहे, उद्या बघू. आणि तिसरा शब्द भाडं: आपण घरी बसलो तरी जमीन कमावते, अर्थात ती आपल्या नावावर असेल तर. कोळशाने नोकरी दिली, कामही दिलं. सौर आणि पवन प्रकल्प काम देतात, भाडं देतात, नोकऱ्या मोजक्याच देतात. हे तीन शब्द वेगळे ठेवले नाहीत, तर या विषयावरचं कुठलंही मत कळत नाही. म्हणून सुरुवातीलाच ते मांडून ठेवतो.

आता मोजलेल्या मताकडे येऊ. अमेरिकेतलं येल विद्यापीठ आणि आपल्याकडची सीव्होटर ही संस्था भारतीयांना हवामानबदलाविषयी काय वाटतं याच्या पाहण्या करतात. २०२३ च्या पाहणीत दहापैकी आठांहून अधिक लोकांनी सांगितलं, की कोळशाऐवजी सूर्य आणि वाऱ्यापासून वीज केली तर हवेचं प्रदूषण कमी होईल. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याच्या राष्ट्रीय उद्दिष्टालाही तसाच भक्कम पाठिंबा दिसला. पण याच पाहणीत निम्म्याहून अधिक लोकांना असंही वाटत होतं, की या बदलामुळे बेकारी वाढेल, वीज जाईल आणि तिचे दरही वाढतील.

या उत्तरांवर दोन ठरलेल्या प्रतिक्रिया येतात. पर्यावरणवाले म्हणतात, लोकांना नीट माहिती नाही, जनजागृती करा. प्रकल्पवाले म्हणतात, लोक पाठिंबा देताहेत ना, मग शंकांकडे कशाला बघायचं? मला दोघंही चुकताहेत असं वाटतं. बदल चांगला आहे आणि त्याची किंमत आपल्या माथी बसणार आहे, ही दोन्ही वाक्यं एका माणसाला एकाच वेळी खरी वाटू शकतात. धरणाला ज्यांनी जमिनी दिल्या, त्यांना धरणाचा उपयोग कळत नव्हता असं थोडंच आहे?

इथे थोडं मागे जावं लागेल. धूर न करणाऱ्या विजेवरून महाराष्ट्रात झालेला पहिला मोठा झगडा शंभर वर्षांपूर्वीचा आहे. मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालत आणि त्यांचा कोळसा बंगालातून, परदेशांतून येई. सह्याद्रीचं पाणी कोकणात सोडून त्यावर वीज करायची, ही टाटांची योजना त्या काळच्या मानाने विलक्षण होती. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. पुढे मुळशीला धरण ठरलं आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. पन्नासएक गावांची भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. धरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे मुद्दे आजही ओळखीचे वाटतील: उद्योग वाढेल, कोळसा वाचेल, हजारो हातांना काम मिळेल. ते खोटं नव्हतं. पण काम मिळणार होतं परळ-लालबागला आणि शेत बुडणार होतं मुळशीला.

त्या लढ्यातला एक तपशील आजच्या चर्चेला फार उपयोगी आहे. मुळशीतल्या बऱ्याच जमिनींवर पुण्यातल्या सावकारांचा आणि जमीनमालकांचाही हक्क होता. त्यांतल्या अनेकांना पैशात मोबदला चालणार होता. कसणाऱ्याला तो नको होता. म्हणजे 'मुळशीचं मत' असं एकच मत तेव्हाही नव्हतं. कागदावर ज्याचं नाव त्याचं मत एक, नांगर ज्याच्या हातात त्याचं दुसरं. लढा मोडायला ही फट कारणीभूत झाली. पुढे कोयना आली, १९६२ मध्ये तिची वीज सुरू झाली, राज्याच्या उद्योगाचा कणा बनली आणि तिच्या प्रकल्पग्रस्तांचे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिले. आज उन्हाच्या विजेबद्दल कुणी हात राखून बोलत असेल, तर त्याच्या मागे हा सगळा अनुभव असतो. त्याला नुसतं अज्ञान म्हणून चालणार नाही.

कोळशाच्या पट्ट्यातही आठवणी आहेत. वरोऱ्याला एकोणिसाव्या शतकात सरकारी कोळसा खाण होती, तिच्यासाठी रेल्वे आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बंद झाली आणि कोळशाचं केंद्र बल्लारपूरकडे सरकलं. म्हणजे खाण बंद पडणं या मातीला नवं नाही. १९७० च्या दशकात खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र १९८० च्या दशकात उभं राहिलं, त्याच्या शेजारी वसाहत वसली आणि तिचं नावच ऊर्जानगर पडलं. आज २,९२० मेगावॅट क्षमतेचं हे केंद्र म्हणजे जिल्ह्याची ओळख आहे. ट्रकमालक, टायरवाले, खानावळी, खोल्या भाड्याने देणारे, राखेच्या विटा पाडणारे, सगळे त्या चिमण्यांच्या सावलीत जगतात. त्याच चिमण्यांचा धूर लोकांच्या फुप्फुसांतही उतरतो. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा चंद्रपूर त्यात चौथं होतं. औषधांचा खर्च हाही अर्थव्यवस्थेचा भाग असतो, मात्र तो पगारपत्रकावर दिसत नाही.

'सौर आलं की खाणीतल्या नोकऱ्या जातील' ही या पट्ट्यातली सर्वसाधारण भीती. तिच्यातला जाण्याचा भाग खरा आहे, कारण मात्र तपासायला हवं. गेल्या वीस वर्षांत कोल इंडियाचे कायम कर्मचारी साडेचार लाखांच्या आसपास होते ते सव्वादोन लाखांच्या आसपास आले. त्याच काळात तिचं उत्पादन दुपटीहून अधिक झालं. २०२४-२५ मध्ये देशाचं एकूण कोळसा उत्पादन १०० कोटी टनांच्या पुढे गेलं. कोळसा वाढला आणि नोकऱ्या घटल्या. भूमिगत खाणींच्या जागी उघड्या खाणी आल्या, फावड्याच्या जागी अजस्र यंत्रं आली आणि माती काढण्याचं, कोळसा वाहण्याचं काम ठेकेदारांकडे गेलं. कायम माणूस निवृत्त झाला की त्याची जागा भरली गेली नाही. ही वजाबाकी सौर पॅनेल या भागात पोचण्याआधीच सुरू झाली होती.

तरी लोक सूर्याला घाबरतात, ते का? निवृत्त होणाऱ्या माणसाबरोबर जाणारी नोकरी आवाज करत नाही. तिच्यासाठी मोर्चा निघत नाही. संपूर्ण केंद्र बंद होणं मात्र डोळ्यांना दिसतं. मराठवाड्यातल्या परळीने ते पाहिलं आहे. २०१३ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१५ मध्ये पाणी नाही म्हणून परळी वैजनाथचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं. औष्णिक वीज म्हणजे कोळशाइतकीच पाण्याचीही भूक. गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यात पाणी उरलं नाही की कोळशाच्या वाघिणी येऊन उपयोग नसतो. धूर थांबल्यावर गावाची मिळकत थांबते, हा धडा परळीला दुष्काळाने शिकवला.

खाणपट्ट्यातला आणखी एक हिशेब बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. इथल्या शेतकऱ्याने खाणीला जमीन दिली ती पुष्कळदा नोकरीच्या करारावर, साधारण दोन एकरांमागे घरातल्या एकाला नोकरी. त्या नोकरीसाठी वर्षानुवर्षं खेटे घालणारी, धरणं धरणारी कुटुंबं वणी-राजुऱ्याकडे पुष्कळ भेटतील. त्यांना खाण हवी असते असं नाही. जमीन गेलीच आहे, तर निदान बदल्यात ठरलेलं मिळावं, एवढं त्यांचं म्हणणं असतं. अशा घरात 'कोळशाला तुमचा पाठिंबा आहे का?' असा प्रश्न विचारून होकार मिळाला, तर तो होकार कोळशाला नसतो.

आता दुसरी बाजू. १९९० च्या दशकाच्या अखेरीस साताऱ्याच्या पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, नंतर धुळ्याच्या साक्री तालुक्यात. साक्रीतच २०१३ मध्ये महानिर्मिती या राज्याच्या वीज कंपनीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आला. अशा प्रकल्पाचं बांधकाम चालू असतं तेव्हा गावात खरोखर गडबड असते. खड्डे खणणं, पाया, तारा, वाहतूक, जेवणाचे डबे. सहा महिने, वर्षभर. मग प्रकल्प सुरू होतो आणि शांतता पसरते. उरतात थोडे तंत्रज्ञ, पहारेकरी आणि पॅनेल पुसणारी माणसं. सूर्याला कोळसा भरावा लागत नाही, राख काढावी लागत नाही. स्वस्त विजेचं आणि तुटपुंज्या कायम नोकऱ्यांचं कारण एकच आहे. जाहिरातीत पहिलं सांगतात, दुसरं राहून जातं.

नोकऱ्या मुळीच नाहीत असंही नाही. छपरावर पॅनेल बसवणारे, पवनचक्कीवर चढून गिअरबॉक्स तपासणारे, पंप दुरुस्त करणारे आयटीआयचे मुलगे आता तालुक्याच्या गावी दिसतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या छतावरच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. त्यातून छोट्या ठेकेदारांचा एक नवा वर्ग उभा राहतो आहे. पण हे काम पसरलेलं आहे: एका घराचं दोन दिवस, मग दुसरं गाव. त्याची वसाहत होत नाही, युनियन होत नाही, त्याच्या नावाचं नगर वसत नाही. शिवाय पॅनेलचे कारखाने जिथे आहेत तिथे खाणी नाहीत. वेकोलितली नोकरी गेलेल्या माणसाच्या मुलाला गुजरातमधल्या कारखान्यात काम मिळालं, तर देशाच्या बेरजेत शून्य फरक पडतो आणि घराच्या बेरजेत सगळाच.

जमिनीचं भाडं हा या गोष्टीतला सर्वांत नवा भाग. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात खाजगी जमीन भाडेपट्ट्याने देणाऱ्याला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ, असा दर ठेवला आहे. कोरडवाहू मराठवाड्यात ज्याने सोयाबीनचा भाव आणि पावसाचा लहरीपणा दोन्ही सोसले आहेत, त्याला हा आकडा देवाच्या प्रसादासारखा वाटला तर नवल नाही. पण त्याच रानात खुरपायला जाणाऱ्या बाईचं काय? रान पॅनेलखाली गेलं की तिची मजुरी गेली, आणि भाड्यात तिचा वाटा नाही. मुळशीचा सावकार आणि मुळशीचा कसणारा, ही जोडी इथे नव्या कपड्यांत भेटते.

मोबदल्याचा व्यवहार बिघडला तर तो किती टोकाला जाऊ शकतो, हेही राज्याने पाहिलं आहे. जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या विखरणच्या एका वृद्ध शेतकऱ्याने वीज प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या न्याय्य मोबदल्याची मागणी करत मंत्रालयात विष घेतलं आणि काही दिवसांत त्यांचा मृत्यू झाला. खानदेशात त्यानंतर कुठलाही प्रकल्प आला की लोक आधी दर विचारतात. वीज कोणत्या प्रकारची, ते मागाहून.

शेतकऱ्याच्या मनात सौर विजेबद्दल आपुलकी असेल तर तिचं कारण मात्र रोजगार नाही. ते कारण आहे रात्र. वर्षानुवर्षं शेतीपंपाला वीज मिळाली ती आठवड्यातले काही दिवस रात्री. थंडीत, चिखलात, साप-बिबट्याच्या भीतीत दारं धरायला जायचं, घरच्यांनी जागत बसायचं. दिवसा वीज, हे सौर कृषी वाहिनी योजनेचं सर्वांत प्रभावी वाक्य आहे आणि ते अर्थशास्त्राच्या कुठल्याही तक्त्यात बसत नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने पाच टक्के रक्कम भरायची आहे. तिच्याबद्दल तक्रारीही त्याच आपुलकीतून येतात: विहीर खोल आहे, पंप पाणी ओढत नाही; वादळात पॅनेल उडालं, दुरुस्तीला कोणी फिरकत नाही; ढग आले की बसून राहा. वापरणाऱ्याचं मत असं बारकाव्यांचं असतं. दुरून पाहणाऱ्याचं मत हो किंवा नाही एवढंच असतं.

शहरातल्या माणसाचं मत बहुतांशी वीजबिलातून तयार होतं. सौर विजेच्या लिलावात २०२० च्या डिसेंबरात गुजरातमध्ये युनिटला १ रुपया ९९ पैसे इतका खाली दर आला होता, हे त्याने कुठेतरी वाचलेलं असतं. मग माझं बिल का उतरत नाही, हा त्याचा सरळ प्रश्न. त्याचं उत्तर लांब आहे: तारांचा आणि रोहित्रांचा खर्च, गळती, जुन्या केंद्रांशी झालेले करार, संध्याकाळी सूर्य मावळल्यावर लागणारी महाग वीज, आणि एकाला स्वस्त द्यायची म्हणून दुसऱ्याला महाग लावायची आपली जुनी पद्धत. रेल्वेचंही तसंच. मालवाहतुकीच्या वजनात जवळपास निम्मा वाटा कोळशाचा आहे आणि त्या मालाच्या कमाईतूनच प्रवासी तिकिटं स्वस्त ठेवली जातात. कोळसा कमी झाला तर खाणीपासून शेकडो कोस दूर असलेल्या पॅसेंजर गाडीतल्या माणसालाही झळ लागू शकते. त्याला अजून कुणी याबद्दल मत विचारलेलं नाही.

बदलाच्या काळात लोकांना काय लागतं, याचे दोन दाखले बाहेरचे आणि एक घरचा. जर्मनीत, मुख्यतः रूर खोऱ्यात, १९५० च्या दशकाच्या अखेरीस दगडी कोळशाचे सुमारे सहा लाख खाणकामगार होते. दगडी कोळशाची शेवटची खाण बंद झाली डिसेंबर २०१८ मध्ये. साठ वर्षं लागली, आणि ती मुद्दाम लावली: निवृत्ती, पुनर्प्रशिक्षण, नवी विद्यापीठं. ब्रिटनमध्ये १९८४-८५ चा संप मोडल्यानंतर खाणी झपाट्याने बंद झाल्या आणि खाणगावांची कटुता पिढ्या ओलांडून टिकली.

घरचा दाखला मुंबईच्या गिरणगावाचा. १८ जानेवारी १९८२ ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप कधी अधिकृतपणे संपलाच नाही, गिरण्या तेवढ्या संपल्या. आज त्या जमिनींवर काचेच्या इमारती आहेत आणि त्यांत माणसं कामाला येतात. कदाचित पूर्वीपेक्षा अधिक पगारावर. रोजगार मोजणाऱ्याला तिथे तोटा दिसणार नाही. पण साच्यावर उभा राहणारा कामगार त्या इमारतीत गेला नाही. फार तर त्याचा मुलगा गेला, गणवेश घालून, दारावर. ज्या गिरण्यांना वीज द्यायला मुळशी बुडाली, त्या गिरण्याही अशा गेल्या. विजेचा प्रकार बदलो की उद्योगाचा, 'एकूण' हा शब्द माणसांना गिळतो, हे मराठी वाचकाला दुसरीकडून शिकायची गरज नाही.

हे लिहितो आहे म्हणून माझा कल कोळशाकडे आहे असं कुणी समजू नये. २०२५ मध्ये देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म इंधनांचा झाला. प्रत्यक्ष विजेत मात्र कोळसा अजून बराच पुढे आहे. बदल सुरू झाला आहे, तो व्हायला हवा, आणि खाणपट्ट्याला तयारीसाठी अजून काही वर्षं हातात आहेत. ती वर्षं कशी वापरायची हे ठरवताना लोकमत लागेल. म्हणूनच ते नीट ऐकायला हवं.

पुढच्या पानांतल्या लेखकांचं आपसांत एकमत नाही. ते असावं असा आग्रहही नव्हता. कुणी सौर ऊर्जेत गावाचं भविष्य पाहतं, कुणाला ती जमीन बळकावण्याची नवी तऱ्हा वाटते. वाचकाने एवढंच करावं: 'इतके रोजगार' असा आकडा दिसला की नोकरी, काम की भाडं, ते विचारावं. किती दिवसांचं, कोणत्या तालुक्यातलं आणि कोणाच्या नावावर, तेही विचारावं.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण सौर प्रकल्पाच्या भाडेपट्ट्याची नोंद सातबाऱ्यावर होते. मालकाचं नाव तिथे आहेच, कंपनीचंही इतर हक्कांच्या रकान्यात चढतं, बँकेचा बोजा असेल तर तोही चढतो. त्या रानात वीस वर्षं खुरपणी केलेल्या बाईला त्या उताऱ्यावर रकाना नाही. पाहणी करणारा माणूस तिच्या दारात थांबला, तर मात्र तिचं मत एक पूर्ण मत म्हणून मोजलं जातं, जमीनमालकाच्या मताइतकंच. या विषयात लोकमताला एवढी जागा द्यायची, ती यासाठी.